कधीच दुखला नाही

कुसाबाईचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर सात मुलं बसली होती आणि आम्ही 'ळ' काढत होतो. मुलांना 'ळ' आवडतो, पण दुसरा गोल नेहमी पहिल्यापेक्षा मोठा होतो. मी सांगत होते, "दोन्ही गोल जुळ्या बहिणींसारखे यायला हवेत. एकीला जास्त जेवण देऊ नका."

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी मी आसपासच्या मुलांना अक्षर शिकवते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी रविवार मुलांशिवाय गेला तर मला आठवडा सुरू झाल्यासारखाच वाटत नाही. फळ्यावर मात्र आता मी लिहीत नाही. माझी धाकटी बहीण मीना लिहिते आणि मी बाजूला खुर्चीवर बसून सांगते. मुलांना मी सांगून ठेवलं होतं की मीनामावशीचं अक्षर फार वाईट आहे, ते सुधारावं म्हणून मी तिला लिहायला लावते. मीना यावर डोळे वटारायची, पण मुलांदेखत काही बोलायची नाही.

"बाई, मी कुसा बोलते. दिशाची आई."

"बोला कुसाबाई. कशा आहात?"

"मी बरी हाय. दिशाचा हात वर जात नाय."

"डावा तर जातच नव्हता."

"डावा नाय बाई. उजवा."

सायली नावाची माझी एक चुणचुणीत विद्यार्थिनी आहे, तिने पाटी वर करून दाखवली. मी मान हलवली, पण पाटीकडे पाहिलं नाही.

कुसाबाई पुढे सांगत होत्या. नाशिकला मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. फोटो काढला. खांद्यातली शीर निम्मी फाटली आहे. आत्ता काम थांबवलं तर वाचेल, नाहीतर उरलेलीही जाईल. "तीन महिने हात वर करायचा नाय, काय उचलायचं नाय, असं डॉक्टर म्हणला. आन ही म्हणती, मी जानेवारीत कामाला जाणार म्हंजे जाणार. माझं आयकत नाय, नवऱ्याचं आयकत नाय. तुमचं आयकंल. तुम्ही या बाई."

"तिला दुखतंय असं तिने कधी सांगितलं नाही?"

"नाय ना. आता मी बोलले तर म्हणती, बाईंचा हात कधी दुखला? सत्तरीला आल्या त्या. त्यांचा दुखत नाय तर माझा कसा दुखंल?"

फोन ठेवल्यावर मी मुलांना लवकर सोडलं.

*

माझा डावा हात जन्मापासून अधू आहे. आई सांगायची, माझं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. सुईण घाबरली. तिने डोकं धरून ओढलं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या, काही तुटल्या. त्या काळी यावर कुणी काही केलं नाही. हात वाढला, पण बारीक राहिला. कोपरात थोडा वाकलेला, तळवा मागे वळलेला. तो खांद्याच्या वर कधी गेलाच नाही. नमस्कार करायचा तर मी उजवा हात खाली डाव्यापाशी नेते आणि मान वाकवते. लोकांना वाटतं, बाई फार नम्र आहेत.

वडील म्हणायचे, "तुला एक हात दिलाय, पण दोघांचं बळ घालून दिलाय." ते मी इतकं मनावर घेतलं की लहानपणापासून कुणाला काही करू दिलं नाही. परकराची नाडी एक टोक दातात धरून बांधायची. निऱ्या हनुवटीखाली धरायच्या. परात भिंतीला टेकवायची आणि एका तळव्याने भाकरी थापायची, ती फिरते आपोआप. अंबाडासुद्धा मी एका हाताने घालते, भिंतीशी डोकं टेकवून. मीनाने चाळीस वर्षांत किती वेळा "आण, मी घालते" म्हटलं असेल. मी नाही म्हटलं. पुढे तिने विचारणं सोडलं.

आणि शाळेत छत्तीस वर्षं फळा. फळ्यावर लिहिताना हात डोक्याच्या वर असतो. दुसऱ्या शिक्षकांचा हात भरून आला की ते डस्टर डाव्या हातात घेऊन पुसायचं काम तरी करतात. माझं लिहिणंही उजव्याने आणि पुसणंही उजव्यानेच.

निफाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी होते, तेव्हा एके दिवशी जूनमध्ये कुसाबाई दिशाला घेऊन आल्या. कुसाबाई द्राक्षबागेत कामाला जात. दिशा सहा वर्षांची, दोन चिंध्यांच्या रिबिनी बांधलेली, माझ्याकडे न बघता माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. कुसाबाईंनी तिच्या झग्याची बाही वर केली. तोच हात होता. तसाच बारीक, तसाच वळलेला.

"तुमच्यासारखाच हाय बाई," कुसाबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखी करा हिला."

मी तिला माझ्यासारखी केली.

वर्गात माझा नियम होता. दिशाला कुणी मदत करायची नाही. एकदा थंडीत तिच्या स्वेटरचं बटण लागत नव्हतं. शेजारी बसणाऱ्या सुवर्णाने पटकन लावून दिलं. मी ते बटण उघडलं आणि दिशाला म्हटलं, "आता तू लाव." तिला नऊ मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघत होते. सगळा वर्ग थांबला होता. बटण लागलं तेव्हा मी मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि दिशाचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, शिक्षिका झाल्याचं सार्थक झालं. ही गोष्ट मी नंतर कितीतरी ठिकाणी सांगितली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितली, माझ्या निरोप समारंभात सांगितली. त्यात सुवर्णाचा उल्लेख मी कधी केला नाही. ती पोर खाली मान घालून बसली होती. त्या दिवसानंतर तिने वर्गात कुणालाच मदत केल्याचं मला आठवत नाही.

दिशा हुशार निघाली, बारावीपर्यंत शिकली. लग्न जवळच झालं. नवरा कुंदन ट्रॅक्टर चालवतो, शांत मुलगा आहे. त्याच्याच गावाजवळ द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, तिथे तिने काम धरलं. मोठ्या टेबलांभोवती बायका उभ्या असतात. डाव्या हाताने देठ धरून घड उचलायचा, उजव्या हातातल्या छोट्या कात्रीने तडकलेले, बारीक, डागाळलेले मणी कापून काढायचे आणि घड डब्यात ठेवायचा. दोन हातांचं काम आहे. पहिल्या आठवड्यात मुकादमिणीने तिला घरी पाठवलं.

ती माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "बाई, यातून काहीतरी काढा."

मी दोन दिवस विचार केला. मग कुंदनला बोलावलं आणि लोखंडी सळईला कपड्याचा मोठा चिमटा बांधून घेतला. सळई टेबलाच्या वर आडवी बसवायची, चिमट्यात देठ अडकवायचा. घड लोंबकळत राहतो आणि उजवा हात कात्रीला मोकळा. कुंदन म्हणाला, "बाई, चिमटा जरा खाली घेऊ का? छातीपाशी?" मी म्हटलं, "नको. खाली घेतला तर मणी टेबलाला घासतील आणि मागची बाजू दिसणार नाही. डोळ्यांसमोर हवा." फळाही डोळ्यांसमोर असतो, डोळ्यांच्या वरच असतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिशा हात वर धरून दिवसाचे आठ-नऊ तास कात्री चालवू लागली. दुसऱ्या वर्षी ती त्या टेबलावरची सगळ्यात वेगवान बाई झाली. मी मुद्दाम बघायला गेले होते. बायका म्हणाल्या, "बाई, तुमच्या पोरीनं आमची लाज काढली." मला इतका आनंद झाला की परतीच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा मी हे सांगितलं.

माझा स्वतःचा उजवा खांदा त्याआधीच गेला होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ठणकायला लागला. आधी रात्री, मग दिवसा, मग मनगट आणि अंगठा. डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं, "एका हाताने दोन हातांचं काम केलं की तो हात लवकर झिजतो. तुमच्यासारख्या माणसांना हे होतंच. आधीपासून जपायला हवं होतं." मी कुणाला सांगितलं नाही. मीनापासून लपवता येईना म्हणून तिला कळलं. ती शेकायची पिशवी गरम करून द्यायची आणि टोमणे मारायची. "तू रिटायर झालीस ताई, तुझ्या हाताला पेन्शन कधी बसणार?"

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी दिशाचा फोन आला. मी नुकतीच फिजिओथेरपीवाल्या मुलीकडून आले होते, खांद्यावर शेकायची पिशवी होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं,

"बाई, एक विचारू? तुमचा उजवा हात कधी दुखला का हो?"

"नाही," मी म्हणाले. "कधीच दुखला नाही."

"खांदा वगैरे?"

"आपला हात दोघांचं बळ घेऊन आलाय दिशा. त्याला सवय असते. का गं?"

"काही नाही. सहज."

मला विचार करायलाही वेळ लागला नाही, हे मला आज सगळ्यात जास्त बोचतं. समोर मीना बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, आणि उठून आत गेली.

*

कुसाबाईंच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी निफाडला निघाले. मीना म्हणाली, "मी येते." मी नको म्हटलं.

"मग तू जाऊन काय सांगणार तिला?" ती दारात उभी राहून म्हणाली. "आराम कर? काम सोड? ती विचारेल, बाई तुम्ही केला होतात का कधी आराम?"

"सांगेन काहीतरी."

"काहीतरी नको ताई. एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती तुला ठाऊक आहे."

बस चांदोरीच्या पुढे गेली की दोन्ही बाजूंना बागा सुरू होतात. घड भरत आले होते, काहींवर कागद गुंडाळलेले होते. एरवी मी खिडकीतून हे सगळं डोळे भरून बघते. त्या दिवशी मी मनात वाक्यं जुळवत होते. आधी तिची चौकशी करायची, मग डॉक्टरांचं बोलायचं, मग हळूच म्हणायचं की वय झालं की माझाही जरा जरा दुखतो. "जरा जरा" हे शब्द मी तीन वेळा मनात म्हणून पाहिले.

स्टँडवर कुंदन मोटारसायकल घेऊन आला होता. घरी पोचलो तर दिशा ओट्यावर बसून मेथी निवडत होती. उजवं कोपर तिने बरगडीला घट्ट लावून धरलं होतं, आणि नुसती बोटं चालत होती. मी ते लगेच ओळखलं. मीही तसंच करते.

"आली तक्रार!" ती हसत म्हणाली. "आईने मला थेट हेडबाईंसमोर उभं केलं. या बाई. पाया पडले असते, पण वाकलं की खांद्यात कळ येते. उधार ठेवा."

"हासती बघा," कुसाबाई म्हणाल्या. "रात्री उशी चावती आन दिवसा हासती."

"आई, तू चहा ठेव."

कुसाबाई आत गेल्या, पण चहा ठेवताना त्यांचे कान बाहेरच होते. दिशाची दोन वर्षांची मुलगी वेदिका ओट्याच्या पायरीवर डब्याची झाकणं एकावर एक रचत होती. कुंदन दाराशी उभा राहिला.

दिशाने स्वतःच सांगायला सुरुवात केली. पॅकहाऊसच्या मालकांनी यंदा तिला मुकादम करायचं ठरवलं होतं. चाळीस बायकांची दोन टेबलं तिच्या हाताखाली. "मला घरी पाठवणारी मुकादमीण होती ना, तिची जागा. कळतंय ना बाई? पण मुकादमाला नुसतं उभं राहून चालत नाही, स्वतः कात्री चालवून दाखवावी लागते. तीन महिने म्हणजे सगळा सीझनच गेला. पुढल्या वर्षी कोण विचारतं?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर घाबरवतात हो. त्यांचं कामच ते. म्हणे उरलेली शीर तुटली तर ऑपरेशन, आणि त्यानंतर दीड-दोन महिने हात गळ्यात बांधून. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मग माझ्याकडे शून्य हात राहतील." ती पुन्हा हसली. "माझं दुखणं नाजुकपणाचं आहे, मला माहितेय. बाळंतपणानंतर अंग नाजूक होतं. तुमचं बघा ना. छत्तीस वर्षं फळा, घरचं सगळं, आणि अजून मुलांना शिकवताय. तुमचा कुठं दुखला?"

मी जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथेच राहिली. "जरा जरा" म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मलाही जराच दुखतं. आणि जानेवारीत कामाला गेली असती.

"दिशा," मी म्हटलं, "माझा हात दुखतो. पुष्कळ दुखतो. चौदा वर्षं झाली."

तिची बोटं मेथीच्या काडीवर थांबली.

"वर जात नाही," मी सांगत गेले. "केस विंचरताना भिंतीशी वाकावं लागतं. भाकऱ्या मीना करते. फळ्यावर मी लिहीत नाही, तीच लिहिते, मुलांना मी काहीतरी थाप मारते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की एकच हात वापरणाऱ्यांचं असं होतं. हा नाजुकपणा नाही. तुझा नाही आणि माझाही नाही. हात झिजतो."

आत कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"चौदा वर्षं," दिशा म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं. फोनवर. वेदिका व्हायच्या आधी."

"हो."

"तेव्हा दुखत होता?"

"तेव्हा खांद्यावर शेकायची पिशवी होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. अवघड गणित फळ्यावर मांडलं की ती लहानपणी जशी बघायची, तशी.

"मग का नाही म्हणालात?"

मी म्हटलं, "तुला धीर मिळावा म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. पण ते खरं नाही. तू माझ्याकडे ज्या नजरेने बघायचीस ना, ती नजर मला हवी होती."

"बाई, मी देवाला कधी दोष दिला नाही," ती हळू म्हणाली. "सुईणीला नाही दिला. आईला नाही दिला. मी मला दिला. रोज. चिमट्याला घड लावायचा, कळ यायची, आणि वाटायचं, बाईंना जमतं मग मला का जमत नाही? मीच काम चुकवायला बघतेय. म्हणून मी अजून चार क्रेट जास्त ओढायचे. दुखलं की जास्त ओढायचे." तिने काडी खाली ठेवली. "तुम्ही त्या दिवशी नुसतं हो म्हटलं असतंत ना, तर मी चिमटा खाली घेतला असता. एवढंच. कुंदन मागे लागला होता, खाली घेऊ म्हणून. मी म्हटलं, बाईंनी लावलाय तिथेच राहू दे."

कुंदन दाराकडे तोंड करून उभा होता.

"माझं चुकलं दिशा," मी म्हटलं.

"चुकलं तर पुसून पुन्हा काढायचं, असं तुम्हीच शिकवलंत. हे कुठं पुन्हा काढू मी?"

तेवढ्यात वेदिकाचं झाकण पायरीवरून घरंगळलं. ती रडायला लागली आणि "आई, घे" म्हणत हात वर करून दिशासमोर येऊन उभी राहिली. दिशाचा उजवा हात सवयीने पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. तिचे ओठ आवळले गेले. क्षणभर मला वाटलं, ती उचलणार. मला तोंडावर खोटं पाडायला म्हणून तरी उचलणार.

तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"आई," ती आत बघत म्हणाली, "हिला घे."

कुसाबाई धावतच आल्या आणि नातीला कडेवर घेतलं. पोर त्यांच्याकडे जाईना, आईकडेच झेपावत होती. दिशा तिच्याकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला तिने हात वर नेला नाही. मी माझा रुमाल काढला होता. पुढे करायचा धीर मला झाला नाही.

थोड्या वेळाने ती कुंदनला म्हणाली, "शेठना फोन कर. म्हणावं, यंदा मुकादम दुसरी बघा."

"नक्की?"

"कर म्हटलं ना. मी बोलले तर ते मला फिरवतील."

तो अंगणाच्या टोकाला जाऊन बोलला. त्याचं "हो शेठ, नाही शेठ" आम्हाला ऐकू येत होतं. मला हवं होतं ते झालं होतं, कुसाबाईंना हवं होतं ते झालं होतं. कुसाबाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. चहा आणून माझ्यापुढे ठेवला, पण नेहमीसारखं "घ्या बाई" म्हटलं नाही. तुमच्यासारखी करा, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. ते त्यांनाही आठवत असावं.

मी चहा संपवला. उठताना म्हटलं, "नाशिकला तपासणीला येशील तेव्हा घरी येत जा. मीना आहे. राहता येईल."

"बस चुकेल तुमची," दिशा म्हणाली. आवाज कडवट नव्हता. थकलेला होता. "कुंदन, बाईंना स्टँडवर सोड."

मोटारसायकलवर मी एका बाजूला पाय सोडून बसते आणि उजव्या हाताने मागची दांडी धरते. येताना पूर्ण रस्ता मी तसंच धरलं होतं आणि खांद्यात सुया टोचत होत्या, तरी कुंदनला काही बोलले नव्हते. आता गाडी सुरू करून तो म्हणाला, "घट्ट धरा बाई, पुढं रस्ता खराब हाय."

"मला घट्ट धरता येत नाही रे," मी म्हटलं. "हळू चालव."

"मग येताना का नाही सांगितलं?" त्याने मान वळवून विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं, साधाच प्रश्न होता. मग तो स्टँडपर्यंत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गाडी नेत राहिला.

*

पुढच्या रविवारी मी मुलांना खरं कारण सांगितलं. सायली म्हणाली, "मग मीनामावशीचं अक्षर वाईट नाहीये?" मीना म्हणाली, "बघ बाई, इतके दिवस बदनामी." मुलं हसली. मुलांना खरं सांगणं किती सोपं असतं, हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. त्याने दिशाचा हात बरा होणार नव्हता.

ती आली नाही. डिसेंबर संपला, संक्रांत झाली. ती दोनदा नाशिकला दवाखान्यात येऊन गेल्याचं कुसाबाईंकडून कळलं. दवाखाना आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी कुंदन आला. बाजारसमितीत काही काम होतं म्हणाला. हातात द्राक्षांची पेटी होती. मी दार उघडलं आणि पेटी बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "दिशाने पाठवली?"

त्याने चपला काढल्या, पेटी जमिनीवर ठेवली आणि मग म्हणाला, "नाही बाई. मीच आणली. तिला माहीत नाही."

मीनाने त्याला पाणी दिलं. मी हाताचं विचारलं. दुखणं कमी आहे, रात्री झोप लागते, असं त्याने सांगितलं. ऑपरेशन टळलं. पण हात खांद्याइतकाच वर जातो, त्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कपडे तो वाळत घालतो. वेणीसुद्धा तोच घालतो. "लय वाकडी येते," तो लाजून म्हणाला. "ती म्हणते, राहू दे तशीच."

"आणि पॅकहाऊस?"

"पुढल्या वर्षी बघू म्हणाले शेठ. नुसतं वजनाच्या काट्यावर बसायचं काम देतो म्हणाले. बघू. तिनं अजून हो म्हटलं नाही."

जायला उठला तेव्हा मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं.

"माझं नाव काढते कधी?"

कुंदन चपला घालत होता. त्याने बराच वेळ एकाच चपलेचा पट्टा ठीक केला.

"सध्या नाही बाई."

"बरं," मी म्हटलं. "मी विचारलं म्हणून तिला सांगू नकोस."